अरण्य आणि अबोला

28 एप्रिल 1992 रोजी अलास्कातल्या फेअरबँक्स शहराबाहेर एका इलेक्ट्रिशियनने रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवत उभ्या असलेल्या तरुणाला आपल्या ट्रकमध्ये घेतलं. वय चोवीस, नाव विचारलं तर नुसतं 'अ‍ॅलेक्स'. डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या रानात शिरायचं, शिकार करायची, कंदमुळं खायची आणि काही महिने एकट्याने काढायचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी जवळ काय, तर साडेचार किलो तांदूळ, पॉइंट बावीसची हलकी रायफल, काही पुस्तकं आणि पेट्रोल पंपावर मिळतो तसला रस्त्यांचा एक फाटका नकाशा. एप्रिल संपत आला तरी तिथे बर्फ होतं. ट्रकवाला स्वतः शिकारी. त्याने परोपरीने समजावलं, अँकरेजला नेऊन सामान घेऊन देतो असंही सांगितलं. पोरगा बधला नाही. शेवटी ट्रकवाल्याने आपले रबरी बूट आणि दुपारचा डबा त्याच्या हातात ठेवला. पोराने उलट आपलं घड्याळ, कंगवा आणि खिशातली चिल्लर ट्रकमध्ये ठेवून दिली. किती वाजले, कोणता वार, हे त्याला यापुढे जाणून घ्यायचंच नव्हतं. तू इथे आला आहेस हे घरच्यांना माहीत आहे का, असंही ट्रकवाल्याने विचारलं होतं. नाही. जवळजवळ दोन वर्षं घरच्यांशी बोलणंच नव्हतं. त्याच्या हलक्या बंदुकीवर आणि थोडक्या तांदळावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात घातक माहिती त्या शेवटच्या उत्तरात होती.

त्याचं खरं नाव क्रिस्टोफर मॅककँडलेस. 6 सप्टेंबरला मूस या थोराड हरणाच्या शिकारीला आलेल्या लोकांना त्याचा मृतदेह सापडला. स्टॅम्पीड ट्रेल नावाच्या जुन्या वाटेवर, रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांना राहायला म्हणून 1960च्या सुमारास ओढत आणलेली फेअरबँक्सची एक जुनी सिटी बस कायमची पडून होती. 142 क्रमांकाच्या त्या बसमध्ये, झोपण्याच्या पिशवीत तो मरून पडला होता. वजन उरलं होतं तीस किलो. मरण आलं असावं ऑगस्टच्या मध्यावर, आणि शवविच्छेदनात कारण निघालं उपासमार. जॉन क्राकौर या पत्रकाराने आधी नियतकालिकात मोठा लेख लिहिला, 1996 मध्ये 'इंटू द वाइल्ड' हे पुस्तक काढलं आणि 2007 मध्ये शॉन पेनने त्यावर चित्रपट केला. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एकाच्या मते हा साधू होता, पैशाच्या जगाला लाथ मारून गेलेला. दुसरा तट, आणि त्यात अलास्काचे पुष्कळ लोक आहेत, त्याला सरळ मूर्ख म्हणतो: निसर्गाचा मान न ठेवता, तयारीशिवाय रानात घुसलेला शहरी पोरगा. दोन्ही तट भांडतात एकमेकांशी, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. ही माणूस आणि अरण्य यांच्यातली गोष्ट आहे असं दोघंही धरून चालतात. मला ते पटत नाही. या मुलाने दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी केल्या: तो अरण्यात गेला आणि त्याने अबोला धरला. पहिलीने तो जगू शकला असता. दुसरीने त्याचा जीव घेतला.

आधी घराचं पाहू, कारण अबोला तिथून सुरू होतो. वडील नासासाठी काम केलेले अँटेना आणि रडारचे तज्ज्ञ, पुढे स्वतःची सल्लागार कंपनी. घर व्हर्जिनियातल्या सुखवस्तू वस्तीत. मुलगा अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून 1990 मध्ये चांगल्या गुणांनी पदवी घेऊन बाहेर पडला. बाहेरून पाहणाऱ्याला दुखावं असं काही दिसत नव्हतं. पण शाळा संपल्यावर, 1986च्या उन्हाळ्यात, तो एकटा गाडी घेऊन फिरायला गेला आणि आपल्या जुन्या गावी, कॅलिफोर्नियात, त्याला घरात कुणी न सांगितलेली गोष्ट कळली. त्याचा जन्म झाला तेव्हा वडिलांचं पहिलं लग्न मोडलेलं नव्हतं. दोन्हीकडे संसार चालू होता, आणि त्याच्या जन्मानंतर दोन वर्षांनी पहिल्या बायकोलाही वडिलांपासून मूल झालं होतं. त्याची धाकटी बहीण कॅरीन मॅककँडलेस हिने 2014 मध्ये 'द वाइल्ड ट्रूथ' हे पुस्तक लिहून त्या घरातल्या मारहाणीबद्दल आणि दहशतीबद्दल सांगितलं. क्राकौरला हे पूर्वीच ठाऊक होतं, पण तिने विश्वासाने सांगितलेलं असल्यामुळे त्याने ते छापलं नव्हतं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं वाचकांच्या हाती अर्धीच हकिकत होती आणि त्या अर्ध्या हकिकतीत पोरगा विनाकारण निष्ठुर दिसत होता. तो विनाकारण गेला नव्हता, एवढं आता मान्य करायला हरकत नसावी.

पण जाण्याची तऱ्हा बघा. पदवी मिळाल्यावर शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांपैकी उरलेले सुमारे चोवीस हजार डॉलर त्याने ऑक्सफॅम या संस्थेला देऊन टाकले आणि जूनच्या अखेरीस तो गाडी घेऊन निघाला. आईवडिलांना सुगावा लागू नये म्हणून टपाल कचेरीला सांगून ठेवलं की माझी पत्रं 1 ऑगस्टपर्यंत धरून ठेवा आणि मग एकदम परत पाठवा. उन्हाळाभर आईबाप पत्रं लिहीत राहिले, ऑगस्टमध्ये ते अटलांटाला धावले, तर खोली कधीच रिकामी झालेली. ते अटलांटाला धावले, तर खोली कधीच रिकामी झालेली. त्याआधी जुलैमध्ये अ‍ॅरिझोनात अचानक लोंढा येऊन त्याची पिवळी डॅटसन बंद पडली होती. त्याने गाडी तिथेच सोडली, जवळच्या नोटा जाळल्या आणि पायी निघाला. नावही टाकून 'अलेक्झांडर सुपरट्रॅम्प' असं नवं घेतलं. नोटा जाळण्याचा प्रसंग चित्रपटात फार देखणा वाटतो. पत्रांचा तो गठ्ठा मात्र तितका देखणा नाही. नोटा जाळणं हा पैशाशी झालेला हिशेब होता. पत्रं अडवून ठेवणं ही शिक्षा होती, आणि ती विचारपूर्वक, तारीख ठरवून दिलेली होती. आईबापांनी पुढे खासगी गुप्तहेर लावला. घराबाहेर पडायचं झालं तर दारावर त्याच्यासाठी चिठ्ठी लावून जायचे.

यावर कुणी म्हणेल, मारणाऱ्या बापाला मुलाने पत्ता कळवावा अशी अपेक्षा तरी कशी करता? ती अपेक्षा नाहीच. ज्या घरात हात उगारला जातो तिथून निघून जाण्याचा आणि परत तोंड न दाखवण्याचा हक्क मुलाला आहे. आपल्या समाजात हे मोठ्याने म्हणायला अजून लोक कचरतात म्हणून मी मुद्दाम म्हणतो. पण मॅककँडलेसने अबोला एकट्या आईवडिलांशी धरला नाही. ज्या बहिणीला तो सगळ्यात जवळचा होता, जिला आईबापांशी कायमचा संबंध तोडण्याचा बेत त्याने पत्रातून सांगितला होता, तिलाही तो कुठे आहे हे कधी कळलं नाही. तिने त्याला दोष दिलेला नाही, उलट त्याची बाजू हिरिरीने मांडली आहे. बहिणीला कळवलं असतं तर ते आईवडिलांपर्यंत पोचलं असतं अशी भीती त्याला असेल, तीही समजण्यासारखी आहे. तरीही घरातल्या अन्यायाची किंमत ज्यांनी तो केला त्यांच्याबरोबरच, ज्यांनी तो सोसला त्यांच्याकडूनही वसूल झाली.

आणि तो माणूसघाणा नव्हता. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दोन वर्षांत तो रानात होता त्यापेक्षा माणसांत जास्त होता. दक्षिण डाकोटातल्या कार्थेज या छोट्या गावी धान्याच्या कोठारात त्याने अंगमेहनतीचं काम केलं. मालक त्याच्यावर इतका खूश की कधीही ये, काम आहेच, असं त्याने सांगून ठेवलं होतं. अ‍ॅरिझोनात तो हॅम्बर्गरच्या दुकानात राबला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्याला एक म्हातारा भेटला. या माणसाचा एकुलता मुलगा आणि बायको फार वर्षांपूर्वी अपघातात गेलेली. म्हाताऱ्याने त्याला कातडीकाम शिकवलं, आणि पोराने पहिलीच वस्तू केली ती कमरेचा पट्टा. त्यावर त्याने आपली भटकंती चित्रांमध्ये कोरून काढली. म्हाताऱ्याने पुढे विचारलं, तुला नातू म्हणून दत्तक घेऊ का? पोराने उत्तर दिलं, अलास्काहून आल्यावर बोलू. नंतर पत्र लिहून त्याने या ऐंशी ओलांडलेल्या माणसाला उपदेश केला की घर सोडा, रस्त्यावर या. म्हाताऱ्याने ऐकलं! घरातलं सामान हलवून तो वाळवंटात तळ टाकून पोराची वाट पाहत राहिला. मरणाची बातमी त्याला दोन वाटसरूंकडून कळली. बातमी ऐकून या देवभीरू माणसाने देवाचं नाव टाकलं आणि बाटली जवळ केली.

कोठाराच्या मालकालाही मॅककँडलेसने अलास्कात शिरण्याआधी पोस्टकार्ड टाकलं, त्यात ही मोहीम जिवावर बेतू शकते याची जाणीवही आहे. पण नेमका कुठे जातोय, किती दिवसांसाठी, ते त्यात नाही. एक ओळ पुरली असती. डेनालीच्या उत्तरेला, स्टॅम्पीडची वाट, ऑगस्टपर्यंत बातमी नसेल तर शोधा. ती लिहायला त्याला कुणाची भीती नव्हती. तो मालक त्याला बापाकडे धरून नेणार नव्हता. इथे घरच्या अबोल्याचं रूपांतर सवयीत झालेलं दिसतं. बापाशी तोडताना जो हात सफाईदार झाला, तो मग जिथे तोडायची गरज नव्हती तिथेही चालत राहिला.

आता रानात काय घडलं ते पाहू, कारण मूर्ख ठरवणाऱ्यांचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. तो रानात साडेतीन महिने जगला. एवढ्याशा तांदळावर आणि खारी, साळिंदर, पक्षी मारण्याजोग्या बंदुकीवर इतके दिवस निघणं ही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नाही. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांना ते जमेल हा प्रश्नच आहे. 9 जूनला तर त्याने मूस पाडला. ते हरणाच्या जातीतलं प्रचंड जनावर. मांस नीट टिकवता आलं असतं तर त्याचा उन्हाळा निघाला असता. पण टिकवायचं कसं, हे त्याने डाकोटाच्या शिकाऱ्यांकडून ऐकलेलं: धूर द्यायचा. अलास्कात पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर सुकवतात. माश्या बसल्या, अळ्या पडल्या, आणि पाचेक दिवसांत त्याने मांसाचा नाद सोडला. ती हत्या वाया गेल्याचं दुःख त्याने टिपून ठेवलं आहे. तरीही तो कोसळला नव्हता. 3 जुलैला त्याने सामान बांधलं आणि तो परत निघाला. त्याचं रानातलं काम झालं होतं, त्याला माणसांत यायचं होतं. हे साधूपंथी आणि मूर्खपंथी दोघंही विसरतात. दोन दिवसांनी तो टेक्लानिका नदीवर पोचला. एप्रिलमध्ये बर्फाच्या कडांमधून जी त्याने चालत ओलांडली होती, ती हिमनदीचं पाणी पिऊन दोन्ही थड्या भरून वाहत होती. तो माघारी फिरला, बसकडे.

त्या जागेपासून नदीच्या खालच्या अंगाला, एक किलोमीटरच्या आतबाहेर, पाण्याची मोजणी करणाऱ्या सरकारी केंद्राची पोलादी तार या काठावरून त्या काठावर बांधलेली होती आणि त्यावर हाताने ओढायचा पाळणा होता. सर्वेक्षण खात्याच्या तपशीलवार नकाशावर त्या केंद्राची खूण होती. याच्याजवळ पेट्रोल पंपावरचा नकाशा. बसपासून दहा किलोमीटरच्या परिघात चार झोपड्या होत्या, त्या उन्हाळ्यात रिकाम्या असल्या तरी होत्या. दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर उद्यानाचा रस्ता, ज्यावरून रोज शेकडो पर्यटकांच्या गाड्या जात होत्या. हे सगळं त्याला माहीत नव्हतं. एक नकाशा किंवा एक माणूस, दोन्हींपैकी काहीही पुरलं असतं. आणि नकाशा न घेणं हा निष्काळजीपणा नव्हता, ते धोरण होतं. जगात नकाशावर नसलेली जागा उरली नाही, म्हणून त्याने आपल्यापुरता नकाशा रद्द केला. क्राकौरने हे बरोबर ओळखलं आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की टपाल अडवणारा, नाव टाकणारा आणि नकाशा नाकारणारा हा एकच माणूस आहे आणि तो प्रत्येक वेळी एकच गोष्ट करतो आहे.

शेवटच्या आठवड्यांबद्दल एक शास्त्रीय वाद आहे, आणि त्याचा धागा अनपेक्षितपणे आपल्या विदर्भाशी जुळतो. 30 जुलैच्या नोंदीत त्याने आपल्या अशक्तपणाचं कारण 'पोटॅटो सीड' असं दिलं आहे. म्हणजे तिथे रानबटाटा म्हणतात त्या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बिया. आधी वाटलं त्याने चुकून दिसायला सारखी विषारी वनस्पती खाल्ली. मग त्या बियांतच विषारी अल्कलॉइड असावं अशी शंका निघाली. अलास्का विद्यापीठात तपासणी झाली, तसं काही सापडलं नाही. 2013 मध्ये रोनाल्ड हॅमिल्टन या अभ्यासकाने निराळा तर्क मांडला. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना गुरांच्या खाद्यातली एक डाळ खायला घातली गेली आणि धडधाकट तरुण कैद्यांचे पाय लुळे पडले. ती डाळ म्हणजे आपली लाख, लाखोळी. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांमध्ये ती पेरतात. दुष्काळात दुसरं काही नसताना माणसं तिच्यावरच जगली आणि लंगडी झाली, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. तिच्यातलं ओडीएपी हे द्रव्य रानबटाट्याच्या बियांत असावं, असा हॅमिल्टनचा तर्क होता. पुढच्या बारीक तपासणीत तो टिकला नाही. 2015 मध्ये त्या बियांत एल-कॅनाव्हॅनिन हे दुसरं घातक द्रव्य सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हा वाद क्राकौरने वीस वर्षं चिकाटीने चालवला, कारण बिया विषारी ठरल्या तर पोरगा मूर्ख ठरत नाही. त्याची कळकळ समजते. पण विदर्भातल्या लाखोळीने शिकवलेली गोष्ट अशी आहे की तीच डाळ इतर धान्यासोबत थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. दुसरं काहीच नसताना आठवडेच्या आठवडे तीच खावी लागते तेव्हा ती पाय घेते. बियांमध्ये विष होतं की नव्हतं याचा निकाल काहीही लागो, त्याच्यावर त्या बियांवरच जगण्याची पाळी का आली, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि अशक्त झालेला माणूस वाचतो तो दुसऱ्या माणसामुळे.

मदतीची हाक त्याने दिली. पुस्तकाच्या फाडलेल्या पानावर लिहून ती बसच्या दारावर लावलेली होती: मी जखमी आहे, मरणाच्या दारात आहे, बाहेर पडण्याचंही त्राण नाही, जवळच बोरं गोळा करायला गेलो आहे, संध्याकाळी येईन, कृपा करून थांबा. खाली सही क्रिस मॅककँडलेस. अ‍ॅलेक्स नाही, सुपरट्रॅम्प नाही. दोन वर्षं टाकून दिलेलं आईबापांनी ठेवलेलं नाव त्याने त्या कागदावर पुन्हा घेतलं. तारखेच्या जागी ऑगस्ट आणि पुढे प्रश्नचिन्ह. आपल्या पुस्तकांपैकी एकाच्या समासात त्याने असंही लिहून ठेवलं होतं की आनंद वाटून घेतला तरच तो खरा. या वाक्याचे आता टी-शर्ट निघाले आहेत, ते सोडा. परतीच्या वाटेवर नदीने अडवलेल्या माणसाचं ते वाक्य आहे एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

इथे खरा, वजनदार आक्षेप येतो. धोका काढून घेतला तर रान ते रान कसलं? मागे दोर ठेवून गेलेला माणूस सहलीला गेलेला असतो. दोर कापल्याशिवाय खरी कसोटी लागत नाही. मराठी वाचकाला हे लगेच पटेल, कारण कोंडाण्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले म्हणून मावळे लढले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिथे दोर कापणाऱ्याच्या भोवती शेकडो माणसं होती, आणि दोर कापले ते त्यांना एकत्र ठेवण्यासाठी. एकट्याने दोर कापण्यात कसोटी कुणाची लागते? शिवाय ज्यांनी खरोखर अलास्कात एकट्याने आयुष्य काढलं त्यांच्याकडे पाहिलं तर हा आक्षेप पार ढासळतो. रिचर्ड प्रोएनेके हा सुतार आणि मेकॅनिक 1968 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ट्विन लेक्स या तळ्याकाठी गेला. हातोडी, करवत, कुऱ्हाड अशा हातच्या अवजारांनी त्याने ओंडक्यांची झोपडी बांधली, तिची कवाडं, बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या. 1998 पर्यंत, मधले काही काळ सोडले तर, तो तिथे एकटा राहिला. वाटेल तशी थंडी, अस्वलं, महिनोन्महिने माणूस नाही. पण ओळखीचा वैमानिक छोट्या विमानाने येऊन पीठमीठ आणि टपाल टाकून जाई, आणि प्रोएनेके भावाला पत्रं लिही. म्हातारपणी झेपेना तेव्हा तो भावाच्याच घरी राहायला गेला आणि 2003 मध्ये तिथे वारला. त्याच्या एकांताला कुणी सहल म्हणेल काय? पन्नाशीतला कसबी माणूस आणि चोवीस वर्षांचा पोरगा यांची बरोबरी होत नाही, हे खरं. पण वैमानिकाशी ठरवून ठेवायला आणि भावाला पत्र टाकायला सुतारकाम यावं लागत नाही. वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं राहिलेल्या थोरोचंही तेच. मॅककँडलेसने ज्याची पारायणं केली तो थोरो मित्राच्या, म्हणजे इमर्सनच्या, जमिनीवर राहत होता आणि गावात घरी चालत येत-जात होता. यावरून त्याची थट्टा करायची रीत आहे. मला तर ते त्याच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. मेन राज्यातला क्रिस्टोफर नाइट 1986 मध्ये, विशीत, कुणालाही न सांगता जंगलात शिरला आणि सत्तावीस वर्षं बाहेर आला नाही. घरच्यांना तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. हा पूर्ण एकांत, पूर्ण अबोला. 2013 मध्ये तो पकडला गेला तेव्हा कळलं की आसपासच्या उन्हाळी घरांमध्ये हजारेक चोऱ्या करून तो जगला होता: डबाबंद अन्न, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, पुस्तकं. ज्याने माणसांशी सगळं तोडलं, त्याला रोजच्या जेवणासाठी माणसंच लागली, फरक इतकाच की त्यांना न विचारता. एकटं राहून कुणावरच अवलंबून नसणं ही कल्पना पुस्तकात छान दिसते. प्रत्यक्षात एक तर वैमानिक असतो, नाहीतर लुबाडलेला शेजारी, नाहीतर तीस किलोचं प्रेत.

आपल्याकडे घर सोडणाऱ्याला आपण पाया पडतो, मग या गोऱ्या पोरालाच बोल का, असंही विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्याच परंपरेत आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत बायकोची खरी संमती नसताना काशीला गेले आणि पाश नाहीत असं सांगून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू आळंदीला आले, नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि सगळं बाहेर आलं. गुरूने काय केलं? शिष्याला घरी परत पाठवलं. संन्यासात घरावर तुळशीपत्र ठेवायचं असतं, पण ते सांगून, विचारून, उघड्यावर. शंकराचार्यांच्या कथेतही आईची परवानगी लागते. बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची गोष्ट याला अपवाद म्हणून कुणी सांगेल, तर त्याच कथेत पुढे ते आईला भेटायला जांबेला परत येतात हेही सांगावं लागेल. घर सोडणं पवित्र मानणाऱ्या समाजानेसुद्धा घरच्यांना अंधारात ठेवून सोडणं पवित्र मानलेलं नाही.

मॅककँडलेसचे आईवडील अंधारातून बाहेर आले ते कसे, हे पाहण्यासारखं आहे. प्रेत सापडलं तेव्हा त्याच्यापाशी ओळखपत्र नव्हतं, आणि चिठ्ठीवरच्या सहीवरून तो कुठला ते कळत नव्हतं. ट्रकवाल्याने वर्तमानपत्रात बातमी वाचून पोलिसांना कळवलं, पण त्याला नुसतं 'अ‍ॅलेक्स' ठाऊक. कार्थेजच्या कोठारवाल्याच्या कानावर ती रेडिओवरून गेली. त्याच्या दप्तरात पोराने पगाराच्या करासाठी भरून दिलेले दोन फॉर्म होते. एकावर थट्टेखोर खोटं नाव, पण नंतरच्या फॉर्मवर खरं नाव आणि खरा सरकारी क्रमांक. त्या क्रमांकावरून व्हर्जिनियाचा माग लागला. साऱ्या खुणा पुसत गेलेल्या मुलाने पुसायची राहिलेली ही एक होती, आणि तीही मजुरीच्या कागदावरची.

पुढे त्या बसचं तीर्थक्षेत्र झालं. जगभरातली तरुण मुलं टेक्लानिका ओलांडून तिथे जाऊ लागली, तीही पुष्कळदा कुणाला न सांगता. 2010 मध्ये स्वित्झर्लंडची एक तरुणी आणि 2019 मध्ये बेलारूसची एक नवविवाहिता त्या नदीत बुडून गेली. 2009 ते 2017 या काळात बसपायी पंधरा वेळा शोधपथकं पाठवावी लागली. शेवटी 18 जून 2020 रोजी नॅशनल गार्डच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलून नेली; ती आता फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे आहे. सरकारने बस हलवली हे ठीक झालं, पण चित्रपट पाहून निघणाऱ्या पोरांच्या मनातला घोटाळा बस हलवून सुटत नाही. मुक्त व्हायचं म्हणजे बेपत्ता व्हायचं, ही त्यांची समजूत जिथली तिथे आहे.

आईवडील 1993 मध्ये हेलिकॉप्टरने त्या बसपाशी गेले होते. जाताना त्यांनी तिथे एक पेटी ठेवली: औषधं, डबाबंद अन्न, रानात लागणाऱ्या चार वस्तू, मुलाचं लहानपणचं बायबल, आणि येणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून आईने लिहिलेली चिठ्ठी की शक्य तितक्या लवकर आपल्या आईवडिलांना फोन करा. ती विनंती सगळ्यांना लागू पडणारी नाही. काही घरं अशी असतात की तिथे फोन न करणंच बरं. अशा घरातून निघालेल्याने खुशाल निघावं आणि हवं तिथे जावं. पण निघण्यापूर्वी एका माणसाला, मित्राला, मालकाला, चहाच्या टपरीवाल्याला का होईना, तीन गोष्टी सांगून जावं: कुठे चाललो आहे, कोणत्या वाटेने, आणि कोणत्या तारखेपर्यंत आलो नाही तर शोधायला यायचं.